मस्टँग जीटीला टायर कोणते घ्यावेत? (हिंगणघाट, काळी माती, मे महिना)

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. मुक्काम हिंगणघाट तालुका. गावाचं नाव सांगत नाही, कारण पंचक्रोशीत ही गाडी एकच आहे आणि लगेच ओळखू येईन. फोर्ड मस्टँग जीटी, 2017 ची, सेकंड हँड. पाच लिटरचा व्ही8, कागदावर 401 पीएस आणि 515 न्यूटन मीटर, आणि ते सगळं मागच्या दोन चाकांवर. आमचे जिनिंगवाले मामा "एवढ्यात ट्रॅक्टर अन् शेततळं दोन्ही झालं असतं" हे अजून ऐकवतात. तो विषय इथे कृपया नको.

पहिले मालक मुंबईचे. गाडी फिरण्यापेक्षा पार्किंगमध्येच जास्त होती. टायर गाडीसोबत आलेलेच आहेत. पुढे 255/40 आर19, मागे 275/40 आर19 (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम इंचात). नक्षी अजून पाच मिलिमीटरच्या आसपास शिल्लक आहे, पण बाजूला बारीक भेगा दिसतात. मागच्या आठवड्यात अवकाळी पाऊस पडला तेव्हा जामच्या चौकातून निघताना मागची चाकं जागच्या जागी फिरली. पाय फार दाबलाही नव्हता.

वापर असा: घरापासून हायवेपर्यंत चार-पाच किलोमीटर ग्रामपंचायतीच्या कृपेचा रस्ता, मग 44 नंबरने नागपूर. कधी वर्ध्याकडून येळाकेळीला समृद्धीवर चढून संभाजीनगर. थंडीत चिखलदरा. रेस करायची नाही, पण गाडी जे करू शकते ते अधूनमधून करू द्यावं अशी इच्छा आहे. एका टायरचा भाव 35 ते 45 हजार ऐकतो आहे, त्यामुळे एकदाच नीट विचार करून घ्यायचे आहेत. शिवाय आमचे मिस्त्री म्हणतात, उन्हाळ्यात समृद्धीवर नेऊच नका, टायर फुटतात. खरं किती?

वऱ्हाडी_मास्तर
401 घोडे अन् गावात बैल चार! राजेहो, गाडीचा फोटो टाका आधी. टायरचं मंग पाहू.

घाटातला_वारा
अभिनंदन! सरळ सांगतो, एवढ्या टॉर्कला ग्रिप हवी असेल तर मिशेलिन पायलट स्पोर्ट कप 2 किंवा त्या वर्गातलं दुसरं काही. आमच्या पुण्याच्या ग्रुपमध्ये जे ट्रॅकवर जातात ते दुसरं काही लावतच नाहीत. रबर एकदा गरम झालं की गाडी रस्त्याला चिकटते. विदर्भात तर रबर गरम करायला काही करावंही लागणार नाही :)

निखट्टू
नागपूरकर. माझ्याकडे बीएमडब्ल्यूची एम340आय आहे. कप 2 या कामासाठी नाही, एवढं नक्की. बाकी टायरकाका येतील आणि सविस्तर सांगतील.

माझ्याकडून एकच. आमच्याकडे टायर घासून संपत नाहीत, बाजूने मरतात. खड्ड्यात चाक गेलं की साइडवॉलला फुगा येतो, आणि फुगा आला की टायर गेला. त्याला दुरुस्ती नाही. त्यामुळे ग्रिप किती याआधी हा टायर बुटीबोरीच्या पुढे जिवंत राहील का, ते बघा.

टायरकाका_अमरावती
पऱ्हाटीवाले भाऊ, आधी एक काम करा. टायरच्या बाजूवर डीओटी असं लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. एका बाजूला ते दिसत नसतील तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा. चारही टायरचे आकडे इथे टाका. तोवर कोणता ब्रँड घ्यायचा यावर बोलण्यात अर्थ नाही.

पऱ्हाटीवाला
काका, पुढचे दोन्ही 1417. मागचे 2217. म्हणजे 2017 चेच.

टायरकाका_अमरावती
मग जामच्या चौकात जे झालं ते बरोबरच झालं. टायर पाच मिलिमीटर शिल्लक असले तरी संपलेले आहेत. रबर नुसतं घासून जात नाही, वयानेही जातं. ऊन, हवेतला ओझोन आणि नुसतं उभं राहणं, या तिन्हींनी ते कडक होतं आणि भेगा पडतात. चालत्या टायरमध्ये रबर सतत वाकत राहतं, त्यामुळे त्यातली संरक्षक द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत तेही होत नाही. म्हणून कमी चाललेल्या सेकंड हँड स्पोर्ट्स कारचे टायर बघायला सुंदर आणि चालवायला धोक्याचे असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचे आणि दहा वर्षांनंतर काहीही झालं तरी वापरायचे नाहीत, हा सर्वसाधारण नियम. आपल्याकडच्या उन्हात मी सहाव्या-सातव्या वर्षीच काढायला सांगतो. लोकांना वाटतं, दुकानदार आहे, विकायलाच बसलाय. वाटू दे.

नवे टायर येईपर्यंत समृद्धी बंद. गावातून हिंगणघाट, हिंगणघाटातून घर, एवढंच.

आता कप 2. त्या टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडा 180 असतो. त्याच कंपनीच्या पायलट स्पोर्ट 4एस वर 300. ही अमेरिकन पद्धत आहे आणि आकडा कंपनीच लावते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना यावरून करू नका. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये मात्र अंदाज येतो. कप 2 चं रबर मऊ, नक्षी कमी आणि खोली कमी. ट्रॅकवर दोन तास धमाल करायला तो बनवलाय. आपल्या रस्त्यावर त्यात गिट्टी रुतेल, पावसाळ्यात तो पाणी बाहेर काढणार नाही, आणि पैसे एका हंगामात संपतील.

तुम्हाला हवाय तो वर्ग म्हणजे रस्त्यावरचे वरच्या दर्जाचे परफॉर्मन्स टायर. मिशेलिन पायलट स्पोर्ट 4एस, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट 7, पिरेली पी झिरो, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ1 असिमेट्रिक 6, त्या रांगेतलं काहीही. यांच्यातला फरक मासिकातल्या चाचणीत दिसतो. तुमच्या चार-पाच किलोमीटरच्या रस्त्यावर दिसणार नाही.

घाटातला_वारा
काका, मान्य की पावसात कप 2 मागे पडतो. कंपनीही ओल्यात जपून चालवा असं सांगतेच. पण तुमच्याकडे पाऊस चारच महिने. आठ महिने कोरडे.

मृद्गंध
मी यवतमाळची, रस्त्यांचं काम करते. कोरडे आठ महिने हे पुण्यातून दिसणारं चित्र आहे, माफ करा.

इथली जमीन काळी कापसाची. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. वरचा डांबराचा थर तिच्याबरोबर हलतो. म्हणून आपल्या जिल्हा मार्गांवर खड्डा नसला तरी लाटा असतात, आणि कडा तर हमखास खचलेल्या. पहिला पाऊस पडला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर वावरातला चिखल डांबरावर येतो. तो वाळून भुकटी होतो, पुन्हा भिजतो. त्याच्यावर जगातला कोणताही टायर घसरतो. दिवाळीनंतर कपाशीच्या गाड्या सुरू, म्हणजे रस्त्यावर सरकी, कचरा आणि बंड्यांचे खिळे. जानेवारीपासून धुरे साफ करून बाभळीच्या फांद्या ओढून नेतात. काटे पडतात ते रस्त्यातच. यात कोरडा स्वच्छ डांबरी रस्ता कधी मिळतो, ते तुम्हीच सांगा.

आता पाण्याचं थोडं गणित. टायर पाण्यावर तरंगायला कधी लागतो याचा एक ढोबळ नियम आहे, नासाच्या 1960 च्या दशकातल्या विमानाच्या टायरवरच्या अभ्यासातून आलेला. हवेचा दाब पीएसआयमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, 16.7 ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. 32 पीएसआयला साधारण 94 येतं, 25 ला 83, 36 ला 100. हे पुरेसं पाणी साचलेल्या रस्त्यासाठी आणि नक्षी जवळपास गेलेल्या टायरसाठी आहे. नक्षी चांगली असेल तर मर्यादा वर जाते. पण समृद्धीवर कारला 120 ची परवानगी आहे, आणि जुलैतल्या पावसात रस्त्याला जिथे उतार कमी आहे तिथे पाण्याचा थर राहतो. त्यात 275 म्हणजे रुंद टायर. रुंद टायरला बाजूला सारायला पाणीही जास्त. तुमची कोरड्यातली ताकदच पाण्यात उलटते.

म्हणून माझं मत: ओल्या रस्त्यावरची पकड आणि पाणी काढायच्या खाचा आधी. कोरडी ग्रिप या वर्गातल्या सगळ्याच टायरमध्ये तुम्ही वापराल त्यापेक्षा जास्त आहे.

वऱ्हाडी_मास्तर
ताई, तुमी आमच्या शाळेत गणित शिकवाले या. पोट्टे वर्गमूळ कायले शिकाचं म्हून इचारतात, आता सांगतो, मस्टँगसाठी.

निखट्टू
एक जोड देतो. मस्टँगमध्ये ड्राइव्ह मोड असतात: नॉर्मल, स्पोर्ट प्लस, ट्रॅक आणि स्नो/वेट. चिखलात आणि पहिल्या पावसात तो शेवटचा लावा. विदर्भात बर्फ म्हटल्यावर लोक त्या बटणाकडे बघतही नाहीत. त्याने अॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मंदावतो आणि 515 चा सगळा टॉर्क एकदम मागे जात नाही.

पऱ्हाटीवाला
मृद्गंध ताई, आमच्या रस्त्याचं वर्णन तुम्ही न येताच केलंत. कप 2 चा विषय माझ्याकडून संपला.

पण फुग्याचं काय? माझ्या रस्त्यावर दोन ठिकाणी रपटा आहे, त्याची कड तुटलेली. मी तिथे जवळजवळ थांबतोच, तरी चाक आदळतं. कोणी म्हणतं 18 इंचाच्या रिम घे आणि जाड टायर लाव. ते करावं का?

टायरकाका_अमरावती
आकडेमोड करून बघू. तुमच्या मागच्या टायरची साइडवॉल 275 च्या 40 टक्के म्हणजे 110 मिलिमीटर. पुढची 102. रिम 19 इंच म्हणजे 482.6 मिलिमीटर. पूर्ण व्यास मागे 702.6, पुढे 686.6. आता 18 इंचावर पुढे 255/45 घेतलं तर व्यास 686.7 येतो, म्हणजे जुळलाच. मागे 275/45 घेतलं तर 704.7, दोनच मिलिमीटरचा फरक. स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्हींना चालण्यासारखं. मागची साइडवॉल 110 वरून 124 वर जाते. म्हणजे 14 मिलिमीटर रबर जास्त. खड्ड्यात हे 14 मिलिमीटर खूप असतात.

अडचणी दोन. जीटीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत. 18 इंचाची रिम कॅलिपरला घासते का, हे प्रत्यक्ष चाक लावून, फिरवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि 18 मध्ये या रुंदीचे चांगले परफॉर्मन्स टायर इकडे मिळायला 19 पेक्षा सोपे असतीलच असं नाही. रिमचा खर्च, टायरचा खर्च आणि शोधाशोध. माझा सल्ला: 19 ठेवा आणि टायर एक्सएल घ्या, म्हणजे जास्त वजनाच्या आणि जास्त दाबाच्या बांधणीचा. 275/40 आर19 मध्ये 105 भारांकाचा मिळतो, 105 म्हणजे एका टायरला 925 किलो. 101 चाही असतो, तो 825 चा. तुमच्या गाडीला 101 पुरतो, पण 105 वाला दाब जास्त घेतो. आपल्या रस्त्यावर तेच हवं.

फुगा कसा येतो, हेही लक्षात ठेवा. खड्ड्याच्या कडेने टायर रिमवर दाबला जातो, आतले दोरे तुटतात, हवा तिथून बाहेर ढकलते. टायरमध्ये हवा कमी असेल तर हे दुप्पट सहज होतं. लोक आराम वाटावा म्हणून दोन-चार पीएसआय कमी ठेवतात. खराब रस्त्यावर 40 च्या साइडवॉलला हा आराम नसून आत्महत्या आहे.

चहाटपरी
मी ऐकलंय कमी हवा ठेवली की उन्हाळ्यात टायर फुटत नाही, कारण हवा तापून वाढते. आमच्या स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर तेच करतात. भरलेली असेल तरी दुपारी थोडी सोडतात.

मृद्गंध
नेमकं उलटं आहे, आणि समृद्धीवरच्या टायर फुटण्याचा मोठा भाग इथेच आहे.

सकाळी 28 अंशाला 32 पीएसआय भरलं आणि दुपारी 46 अंशात गाडी नुसती उभी राहिली, तर दाब साधारण 35 होतो. चालवल्यावर आणखी काही वाढतो. टायर बनवणाऱ्याने हे सगळं धरलेलं असतं, गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर दिलेला दाब थंड टायरचा असतो. दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडली की तो कमी हवेचा टायर झाला. कमी हवेचा टायर रस्त्याला टेकताना जास्त चपटा होतो, दर फेरीत जास्त वाकतो, आणि वाकण्यातून उष्णता येते. वर 46 अंशाची हवा आणि खाली त्याहून कितीतरी तापलेला रस्ता, त्यामुळे ही उष्णता बाहेर जायला जागा नाही. नागपूर ते शिर्डी हे 520 किलोमीटर 2022 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले, आता तो रस्ता 701 किलोमीटरचा आहे. म्हणजे लोक तासन् तास एकाच वेगाने, न थांबता जातात. जुन्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी गाव यायचं, गतिरोधक यायचा, टायर थोडा निवायचा. आता तो निवत नाही. त्यात जुना टायर किंवा जास्तीचं सामान असेल तर पुढचं वेगळं सांगायला नको.

काँक्रीटमुळे टायर फुटतात असं म्हणतात. काँक्रीट कोणाचा चांगला, नीट हवेचा टायर फोडत नाही. तो आधीच गेलेला असतो, काँक्रीट फक्त जाहीर करतं. 2023 मध्ये प्रवेशाच्या ठिकाणी आरटीओने टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

टायरकाका_अमरावती
ताईंना पूर्ण अनुमोदन. एक भर. टायरवर वेगाचं अक्षर असतं. एच म्हणजे 210, व्ही 240, डब्ल्यू 270, वाय 300. लोक म्हणतात, मी कुठे 300 ने जातोय, स्वस्तातला एच द्या. पण ते अक्षर मिळतं ते उष्णतेच्या परीक्षेतून. ठरलेल्या भाराखाली टप्प्याटप्प्याने वेग वाढवत टायर तुटतो का ते बघतात. वरचं अक्षर म्हणजे तापल्यावर जास्त टिकणारी बांधणी. आपण ते विकत घेतो ते मे महिन्यासाठी. दारावरच्या स्टिकरपेक्षा खालचं अक्षर कधीच नाही.

वऱ्हाडी_मास्तर
काका, माह्या स्विफ्टले पंपावर नायट्रोजन भरून देतात, चाकामागं पैसे घेतात. त्यानं टायर थंडा रायते म्हणतात. खरं हाय का?

टायरकाका_अमरावती
मास्तर, आपल्या साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे. तापल्यावर दोन्ही सारखेच वाढतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि जरा हळू गळतो, एवढाच फरक. विमानाला आणि रेसला ते बरं. तुम्ही महिन्यातून दोनदा सकाळी, गाडी न चालवता, चांगल्या गेजने दाब बघितला तर साधी हवा पुरते. पेट्रोल पंपाच्या गेजवर विश्वास ठेवू नका, स्वतःचा घ्या. आणि नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काही बिघडत नाही. पंपावर नायट्रोजन नाही म्हणून लोक कमी हवेवर गाडी हाकतात, ते मात्र बिघडतं.

घाटातला_वारा
ठीक, कप 2 मागे घेतो :) पण मग नेमका कोणता? आणि भारतात मिळतो का? आमच्याकडे दोघांना टायरसाठी महिने थांबावं लागलं.

निखट्टू
तो प्रश्न खरा आहे. जून 2020 मध्ये केंद्राने कारच्या नव्या टायरची आयात मुक्तमधून काढून निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे आयातीला परवाना लागतो. शिवाय कारच्या टायरला आयएस 15633 चा आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. इथे बनणाऱ्या आकाराला अडचण नाही. मोठ्या स्पोर्ट्स कारचे आकार बहुतेक बाहेरून येतात, आणि कंपनी जे मॉडेल परवाना काढून आणते तेवढंच मिळतं. मासिकाच्या चाचणीत पहिला आलेला टायर मिळेलच असं नाही. म्हणून मी म्हणतो, आधी नागपूर, पुणे, हैदराबाद, तीन ठिकाणी फोन करून आपल्या आकारात काय आहे ते विचारा, मग त्यातून निवडा. हिंगणघाटहून हैदराबादही 44 नंबरनेच आहे, विसरू नका.

अपोलोने 2009 मध्ये व्रेडेस्टाइन ही नेदरलँड्सची कंपनी घेतली, त्या नावाचे परफॉर्मन्स टायर आता इथेही विकतात. त्यांच्याकडे तुमचा आकार आहे का तेही विचारा. असेल तर पैसे वाचतील.

टायरकाका_अमरावती
आणि "नवा टायर, बॉक्सपॅक, निम्म्या भावात" अशा ऑनलाइन जाहिरातींपासून लांब राहा. येतो नवा, पण डीओटी तीन-चार वर्षांपूर्वीची. किंवा दुसऱ्या कोणाच्या गाडीवरून काढलेला, काळं पॉलिश मारून. फोटोत ते चार आकडे मागा. देत नसेल तर विषय संपला. मी वर्षभराच्या आतला माल घेतो, फार तर दीड वर्ष.

काही टायरवर एखादं चिन्ह असतं. बीएमडब्ल्यूला तारा, पोर्शेला एन आणि आकडा, मर्सिडीजला एमओ. म्हणजे त्या गाडीसाठी थोडं वेगळं बनवलेलं. तुम्ही त्याच्या मागे लागायची गरज नाही. फक्त चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हवेत. पुढे एक, मागे दुसरा असं करू नका. एवढ्या ताकदीच्या मागच्या चाकाच्या गाडीत पुढची पकड आणि मागची पकड वेगळ्या वेळी सुटली तर सावरायला वेळ मिळत नाही.

पऱ्हाटीवाला
आज दिवसभर फोन केले. नागपुरात पी झिरो पुढच्या आकारात आहे, मागच्यात नाही. हैदराबादला पायलट स्पोर्ट 4एस दोन्ही आकारांत मिळतोय, पुढे 100 वाय, मागे 105 वाय, दोन्ही एक्सएल. डीओटीचे फोटो मागवले, चारही या वर्षीच्या सुरुवातीचे. पुण्यात स्पोर्टकॉन्टॅक्ट 7 आहे, पण मागच्यांची तारीख जुनी वाटली. ओल्यातल्या पकडीबद्दल मृद्गंध ताईंचं ऐकून 4एस कडे कल आहे. हरकत?

मृद्गंध
माझी नाही. आता एवढंच की नक्षी तीन मिलिमीटरवर आली की पावसाळ्याआधी बदला. कायदा 1.6 पर्यंत परवानगी देतो, पण तीनच्या खाली साचलेल्या पाण्यात तुमची गाडी वेगळीच वागेल. मागचे आधी घासतील, ते धरून चाला. आणि पुढचे-मागचे आकार वेगळे असल्याने अदलाबदल करता येणार नाही.

टायरकाका_अमरावती
उत्तम. आता बसवणं, कारण माल चांगला घेऊन बसवताना वाटोळं करणारे खूप. आपल्याकडे छोट्या गावात टॉमी लावून, पायाने दाबून टायर चढवतात. ट्रकला चालतं. 40 च्या साइडवॉलच्या टायरला टॉमी लागली तर टायरची कड कापते, रिमला ओरखडा पडतो आणि आतला टीपीएमएस, म्हणजे हवेचा दाब दाखवणारा सेन्सर तुटतो. नागपूरला लिव्हर न लावता काम करणारी मशीन ज्यांच्याकडे आहे तिथेच जा. आधी फोन करून विचारा. तुमच्या सेन्सरची बॅटरीही टायरइतकीच जुनी आहे, साधारण सात ते दहा वर्षं टिकते. टायर उघडलेच आहेत तर सेन्सर आणि व्हॉल्व्ह बदलून घ्या, नाहीतर वर्षभरात पुन्हा टायर उघडावा लागेल.

नटला न्यूमॅटिक गनने ठोकून सोडू देऊ नका. टॉर्क रेंचने 204 न्यूटन मीटर, आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. मग फोर-व्हील अलाइनमेंट. आमच्याकडे येणाऱ्या या वर्गातल्या गाड्यांचे मागचे टायर बाहेरून छान आणि आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत घासलेले असतात. उभं राहून ते दिसत नाही. महिन्यातून एकदा हात घालून आतली कड चाचपा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर असतो, तो जाईपर्यंत पकड कमी. बसवून बाहेर पडताच वर्धा रोडवर पाय दाबू नका.

निखट्टू
मस्टँगला स्टेपनी नाही, हे लक्षात आहे ना? डिकीत कॉम्प्रेसर आणि सीलंटची बाटली असते. त्या बाटलीवर तारीख असते. तुमच्या गाडीची मूळचीच असेल तर ती कधीच संपली. नवी घ्या. आणि बाभळीचा काटा असेल तर सीलंट शक्यतो वापरूच नका. बहुतेक वेळा हवा हळू गळते, तेवढ्यात कॉम्प्रेसरने भरत भरत घरी पोचता येतं. सीलंट एकदा आत गेलं की पंक्चरवाला शिव्या घालतो.

टायरकाका_अमरावती
पंक्चर फक्त मधल्या भागात असेल तर आतून मशरूम पॅच. दोरीवाली बत्ती घरी पोचण्यापुरती. बाजूला किंवा खांद्यावर छिद्र असेल तर टायर बदलायचा, तिथे काटकसर नाही.

पऱ्हाटीवाला
ऑर्डर दिली. हैदराबादहून नागपूरला ट्रान्सपोर्टने येतील, तिथेच बसवतो. सेन्सर आणि बाटलीही सांगितली. पॅच काम करणारा हिंगणघाटात एक जण आहे, त्याच्याकडे मशरूम आहेत का ते उद्या विचारतो.

मामा विचारतायत, जुने चार टायर घरी आणशील का, डनलॉप बंडीला लावू. 19 इंचाचेच लागतात म्हणे.

वऱ्हाडी_मास्तर
लावा लावा! बैल 401 घोड्याच्या चपला घालून धावन.

टायरकाका_अमरावती
मामांना सांगा, इंच जुळले तरी रुंदी जुळत नाही. 275 ला नऊ-साडेनऊ इंच रुंद रिम लागते, बंडीची रिम त्याच्या निम्मीही नसते. बसवायला गेलात तर टायर पहिल्या धुऱ्यावरच उतरेल. आणि भेगा पडलेला टायर कोणाला विकूही नका. दुसरा कोणी तो गाडीलाच लावेल. दुकानात भंगारात द्या आणि देण्याआधी साइडवॉल कटरने कापून द्या.